कनेलाचा वाटा

१५ ऑक्टोबर, रविवार

— आणि त्या सकाळीही मी आधी कोंबड्याच सोडल्या. मग चुलीतली राख काढली, दूध तापत ठेवलं, आदल्या दिवशीचा पाव फडक्यात गुंडाळला. लाम्ब्रोस अंगणात कुत्रीला, कनेलाला, खायला घालत होता. पत्र्याची ताटली दगडावर ठेवल्याचा आवाज मला आत ऐकू आला. दूध उतू गेलं. मी त्याच्यावरच ओरडले, जणू त्यानंच उतू घालवलं! "ऐकतोयस का?" म्हटलं. तो ऐकत नव्हता. भिंतीला टेकून बसला होता. कनेला ताटलीशी उभी होती आणि एक घासही खात नव्हती.

पुढच्या चार तारखेला लाम्ब्रोसला जाऊन सहा महिने होतील. आज ही वही काढली. डोक्यात गरगरण्यापेक्षा कागदावर बरं.

१६ ऑक्टोबर

कनेला जाड झाली आहे. सशामागे डोंगर पालथा घालणारी कुत्री, आता जिना चढताना धापा टाकते. चूक माझी. पहिले तीन आठवडे ती काही खाईना, म्हणून मी हातानं भरवलं. चीज, पाव, डुकराच्या मांसाचा रस्सा. नंतर खायला लागली ती थांबेचना. मलाही थांबवेना.

लाम्ब्रोस असताना तिच्या ताटलीला मला हात लावू द्यायचा नाही. "शिकारी कुत्र्याला बायकांनी खायला घालू नये, नाक बिघडतं." मी म्हणायचे, तुला चाळीस वर्षं खायला घातलं, तुझं कुठं काय बिघडलं? तो हसायचा. पण ताटली नाही दिली कधी.

१७ ऑक्टोबर

माळ्यावर त्याच्या काडतुसांच्या पेटीखाली एक पुस्तक सापडलं — शिकारी कुत्र्यांची निगा. त्याच्या वडिलांच्या वेळचं, पानं पिवळी पडलेली. मी शाळेत चारच वर्षं गेले. वाचायला नीट शिकले ती लग्नानंतर, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. तेव्हापासून हाती लागेल ते वाचते. हेही वाचेन.

लिहिलंय: सुस्त कुत्र्याचं मांस कमी करा, शिजवलेली भाजी वाढवा. फळ दिलं तरी चालतं.

१९ ऑक्टोबर

घेवडा उकडला, मीठ-तेल न घालता. खाल्ला! गाजर कच्चं दिलं तर अर्धा तास हाडासारखं चघळत बसली. लाल भोपळ्याची फोड शिजवून कुस्करली, तीही गेली. पुस्तक म्हणतं सफरचंदाच्या बिया काढा, म्हणून सुरीनं गाभा कोरून काढते. कांदा नको, लसूण नको. आलुबुखार, पीच दिलं तर आठळी काढून. एक हंगेरियन कुत्रा आठळी अडकून मेला, असा किस्सा दिलाय.

माझी नणंद थेक्ला आली होती. ती रोज येते. दाराशी उभी राहून बघत राहिली.

"काय गं हे? कुत्रीचं डोहाळजेवण मांडलंयस की काय?"

"जाड झाली आहे."

"तूच वाळलीस. तिचं ताट तू जेव, तुझं तिला दे, दोघी ठीक व्हाल."

हसले मी. किती दिवसांनी! मग लगेच वाईट वाटलं.

२२ ऑक्टोबर

आज चर्चला जाताना शेजारचा प्रोकोपिस समोरून आला. त्यानं टोपी काढली. मी मान वळवली. नऊ वर्षं वळवते आहे, मानेला आता सवय झाली आहे.

इथं लिहूनच ठेवते. कनेलाच्या आधीचा लाम्ब्रोसचा कुत्रा लियोन. नऊ वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीस मेला. त्याच्या आधी आठच दिवस लियोननं प्रोकोपिसच्या तीन कोंबड्या मारल्या होत्या. प्रोकोपिस कुंपणावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला होता, "विष घालीन त्याला!" आणि मग लियोन मेला. कोणाला आणखी काय पुरावा हवा होता? लाम्ब्रोसनं कॉफीघरात सांगितलं — याच्याबरोबर जो बसेल तो माझा नाही. कोणी बसलं नाही. आजही बसत नाही. प्रोकोपिसची बायको गेली तेव्हा खांदा द्यायला परगावची माणसं आणावी लागली.

मे महिन्यात आमच्याकडे दफन झालं तेव्हा तो चर्चच्या फाटकाबाहेर उभा होता. आत आला नाही.

२८ ऑक्टोबर

कनेलाची कंबर दिसायला लागली! जिना तीन उड्यांत. नासपती फार आवडते. मी बिया काढेपर्यंत धीर नसतो, हातावर नाक घासते.

थेक्ला म्हणाली, "तो असता तर म्हणाला असता, माझी कुत्री बकरी केलीस."

खरंच असं म्हणाला असता.

४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या सहामासी. दिवसभर कोलिवा करत होतो, मी आणि थेक्ला. गहू पहाटे उकडले, चादरीवर पसरून कोरडे केले. मग भाजलेलं पीठ, बदाम, दालचिनी, डाळिंबाचे दाणे, आणि आमच्याच खळ्यावरचे काळे बेदाणे — दोन किलो तरी. आमच्या गावाच्या कोलिव्यात गव्हाएवढेच बेदाणे असतात, लोक हसतात आम्हाला. वरून साखरेचा थर दाबला, त्यावर चांदीच्या गोळ्यांनी त्याचं नाव. थेक्लानं ल काढला, बाकीची अक्षरं मी. म वाकडा आला.

५ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट पार पडलं. चर्चच्या दाराशी प्रत्येकाला कोलिव्याची कागदी पुडी दिली. घेणारा म्हणतो, "देव त्याला क्षमा करो," मग खातो. जितकी तोंडं तितक्या प्रार्थना. एकशे वीस पुड्या गेल्या.

प्रोकोपिस आजही फाटकाबाहेर होता. मी पुडी घेऊन दोन पावलं गेले. थेक्लानं कोपर धरलं. "त्याच्या तोंडातून माझ्या भावासाठी प्रार्थना नको." मी परत फिरले.

दुपारी सगळे गेल्यावर घर इतकं गप्प झालं! माझी पुडी तशीच होती. अंगणात बसून खायला लागले. कनेला येऊन समोर बसली, पंजा माझ्या पायावर ठेवून. मला वाटलं, सगळ्या गावानं खाल्लं आणि हिला नाही? ही तर शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ होती. मी पुडी उघडून तिच्यापुढे धरली. मग ताटात उरलेलं खरवडून दोन मुठी आणखी. अधाशासारखं खाल्लं. तिच्या वाटची प्रार्थना मीच म्हटली.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

६ नोव्हेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते, नाहीतर क्रम विसरेन.

सकाळी कनेलानं ताटलीकडे पाहिलंही नाही. अंगणात तीन ठिकाणी ओकली होती. उभी राहिली की पाय थरथरत. थेक्ला आली, बघितलं, आणि ओरडलीच, "त्यानंच! काल पुडी दिली नाही म्हणून! परत विष घातलं मेल्यानं!"

माझ्या डोक्यात काय शिरलं! तशीच कुंपणाशी गेले. काळी ओढणी सुटलेली. "प्रोकोपिस! बाहेर ये! नवरा खाल्लास तसा कुत्रीही खातोस का?" — असं म्हटलं मी. नवऱ्याचा काय संबंध होता? पण म्हटलं. गल्लीभर दारं उघडली.

तो बाहेर आला. हातात दाढीचा साबण. माझ्याकडे न बघता आमच्या अंगणातल्या ओकारीकडे बघत राहिला. मग विचारलं, "बेदाणे खाल्ले का तिनं?"

"काय?"

"बेदाणे. खाल्ले का? नीट आठव."

"काल कोलिवा दिला. मी दिला."

त्यानं साबण भिंतीवर ठेवला. "कुत्रीला उचल. गाडीत बस." थेक्ला मागून, "त्याच्या गाडीत बसलीस तर बघ!" मी बसले. बस साडेअकराला होती. काय करणार?

खाली एगिओ शहरापर्यंत चाळीस मिनिटं वळणं. त्याच्या गालावर अर्धा साबण वाळत होता. कनेला माझ्या मांडीवर, जीभ कोरडी. एका वळणावर मी म्हटलं, "तू नाही घातलंस?" तो म्हणाला, "रस्ता बघू दे."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव रोदान्थी. तरुण आहे, माझ्या भाचीएवढी. ऐकलं आणि तडक सुई लावली. म्हणाली, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड मारतात. काल आला असतात तर ओकवून काढलं असतं, आता शिरेतून पाणी देऊन धुऊन काढायचं. तीन दिवस इथंच राहील. मी म्हटलं, पण आमच्या गावातली कुत्री पिढ्यान्पिढ्या खळ्यावर बेदाणे खातात! ती म्हणाली, "खातात. काही होत नाही. आणि मग एकाला होतं. कोणाला होईल ते कोणालाच सांगता येत नाही, असिमिनाबाई. म्हणून कोणालाच द्यायचं नाही."

"पुस्तकात नव्हतं."

"कुठलं पुस्तक?" सांगितलं. तिनं मान हलवली. "तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं."

सफरचंदाच्या बिया काढत बसले होते मी! सुरीनं! एक एक!

७ नोव्हेंबर

मूत्रपिंडाचा आकडा वाढला. लघवी कमी. प्रोकोपिसनं सकाळी हॉर्न वाजवला, मला नेलं, आणलं.

८ नोव्हेंबर

आकडा तेवढाच. रोदान्थी म्हणाली, वाढला नाही ही चांगली गोष्ट. पिंजऱ्याच्या जाळीतून बोटं घातली. कनेलानं चाटली नाहीत, नुसतं नाक टेकवलं.

९ नोव्हेंबर

उतरला!! पुष्कळ मुतली. रोदान्थीनं मला मिठी मारली. मी एवढ्याशा गोष्टीवर म्हातारीसारखी रडले. म्हातारीच आहे.

११ नोव्हेंबर, शनिवार

कनेला घरी. जन्मभर जपायला हवं. दर महिन्याला रक्त तपासायचं. रोदान्थीनं स्वतःच्या अक्षरात कागद दिला, तो चुलीच्या वर चिकटवला.

चालेल: घेवडा, गाजर, भोपळा, काकडी, पालक थोडा, सफरचंद आणि नासपती बिया काढून, कलिंगडाची फोड बिया काढून. सगळं थोडं थोडं, मीठ-तेल नाही.

नको: द्राक्षं, बेदाणे, केक, गोड पाव, कोलिवा — "कोलिवा" तिनं माझ्यासाठी खास लिहिलं, दोनदा अधोरेखित. कांदा, लसूण, कच्चा हिरवा बटाटा, टोमॅटोचा पाला, कुठलीही आठळी, मक्याचं कणीस.

पुस्तकाच्या त्या पानावर मीही पेन्सिलीनं लिहिलं — द्राक्षं नको. बेदाणे नको. उद्या कोणाच्या हाती लागलं तर?

१४ नोव्हेंबर

निघताना रोदान्थीला सहज विचारलं होतं, विषाचं आमिष खाल्लं तर कुत्रं कसं मरतं? ती म्हणाली, तासाभरात. आकडी, फेस, संपलं. मी म्हटलं, आणि चार दिवस लागले तर? ओकत राहिला, पाणी पीत राहिला, मग लघवीच बंद झाली? तिनं विचारलं, "कोणाचं झालं असं?"

लियोनचं झालं. चार दिवस. ऑगस्टअखेर, सगळं खळं काळं पसरलेलं. लाम्ब्रोस त्याला राखणीला तिथंच झोपवायचा. दोघं एकाच मुठीतून बेदाणे खायचे — एक ह्याला, एक त्याला.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

१७ नोव्हेंबर

थेक्लाला सांगितलं. ती कॉफी पीत होती, कप खाली ठेवला.

"मग? काय करायचं म्हणतेस?"

"गावाला सांगायला हवं."

"अजून वर्ष झालं नाही त्याला जाऊन! मेलेल्या माणसाला उठून बोलता येत नाही, असिमिना. तुझ्या नवऱ्याला तू खोटं पाडणार? त्या दाढीवाल्यासाठी?"

"त्याला दाढी नाही."

"जीभ लांब झाली हं तुझी, पुस्तकं वाचून वाचून." मग रडायला लागली. ती त्याची एकुलती बहीण. खरं तर मलाही तेच वाटत होतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी त्याच्या नावावर काळं फासायचं? कॉफीघरात त्याची जागा अजून रिकामी ठेवतात. ती जागासुद्धा जाईल.

१८, १९, २०

काही नाही. जैतून काढले. कनेलाला घेवडा. विचार तोच.

२१ नोव्हेंबर

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याला कसं ठाऊक होतं? डॉक्टरणीच्या आधी त्यानंच विचारलं — बेदाणे खाल्ले का? आमच्या गावात कोणी हे विचारणार नाही. कोणाच्या मनातसुद्धा येणार नाही. इथं मूल जन्मलं तर उशीखाली बेदाणे ठेवतात!

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज गेले. नऊ वर्षांनी त्याच्या अंगणात पाय ठेवला. त्याच्या बायकोचे जेरेनियम वाळून गेलेत, डबे मात्र रांगेत तसेच. तो कांद्याच्या वेण्या घालत होता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. लियोन विषानं मेला नाही. खळ्यावरच्या बेदाण्यांनी मेला. आम्हीच खायला घातले. तुझा काही दोष नव्हता. मला क्षमा कर.

तो वेणी घालत राहिला. "मला काय सांगतेस? मी विष घातलं नाही, हे मला ठाऊकच होतं की."

मी म्हटलं, "तुला बेदाण्यांचं कसं ठाऊक होतं?"

त्यानं वेणी बाजूला ठेवली. खुर्ची पुसून मला बसायला दिली.

"लाम्ब्रोसनं सांगितलं."

मला वाटलं चुकीचं ऐकलं.

कनेला पिल्लू असताना, म्हणाला, चार वर्षांपूर्वी. लाम्ब्रोस तिला टोचायला घेऊन गेला तेव्हा शहरात कोणीतरी त्याला सांगितलं. संध्याकाळी मागच्या दारानं आला, इथंच बसला, याच खुर्चीत. म्हणाला, प्रोकोपिस, मीच मारलं माझ्या कुत्र्याला, माझ्या हातानं. तुझं आयुष्य नासवलं मी. क्षमा कर.

"मग?"

"मी म्हटलं, केली. आता कॉफीघरात जाऊन हेच सांग. म्हणाला, उद्या सांगतो." प्रोकोपिसनं कांद्याचं एक टरफल उचललं, बोटांत चुरलं. "नंतरही तीन-चारदा आला. प्रत्येक वेळी, उद्या. बायको होती तेव्हा माझी. ती म्हणायची, सोड रे, तो माणूस लाजेनं अर्धा झालाय. आणि मग ती गेली, आणि मलाच त्याच्याशी बोलवेना."

"तू का नाही सांगितलंस गावाला?"

"मी?" तो हसला. "माझं कोण ऐकणार होतं?"

मी घरी आले. ऑगस्टमध्ये कनेलाला खळ्यापासून लांब साखळीनं बांधायचा. मला वाटायचं प्रोकोपिसच्या भीतीनं. ताटली मला देत नसे. मला वाटायचं शिकाऱ्याचा ताठा. सगळं त्याला ठाऊक होतं, आणि मला एक शब्द नाही! एक शब्द बोलला असता तर माझ्या हातून कोलिवा गेला नसता! इतका राग आला त्याचा. मेल्यापासून पहिल्यांदा आला. फोटो पालथा घातला.

मग सरळ केला. चार वर्षं हे पोटात घेऊन तो माझ्या शेजारी झोपला. आणि मी 'घोरतोस' म्हणत त्याला कोपर मारत होते.

२७ नोव्हेंबर

काल चर्च सुटल्यावर मी कॉफीघरात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पत्ते थांबले. मी लाम्ब्रोसच्या जागेपाशी उभी राहिले आणि म्हटलं, लियोनला प्रोकोपिसनं मारलं नाही, आमच्या बेदाण्यांनी मारलं. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक होतं, त्याला सांगायचं होतं, जमलं नाही, म्हणून मी सांगते आहे. मी बाहेर पडले, आमच्या गल्लीत गेले, प्रोकोपिसच्या दारावर थाप मारली आणि म्हटलं, टोपी घाल, चल कॉफी प्यायला.